संकेतस्थळाचें दार



बीड जिल्ह्याच्या पाटोदा तालुक्यांत, एखाद्या खेड्यांत राहणाऱ्या दृष्टिहीन गृहस्थास उत्पन्नाचा दाखला हवा आहे, असें समजा. ‘आपले सरकार’ या संकेतस्थळावरून त्यासाठीं घरबसल्या अर्ज करतां येतो. तहसील कचेरीचा हेलपाटा सर्वांआधीं कोणाचा वाचावयास हवा? याच गृहस्थाचा.

पडद्यावरील मजकूर बोलून दाखविणारी ‘एनव्हीडीए’ ही आज्ञावली विनामूल्य मिळते. परंतु ती मुख्यतः अक्षरें वाचते, चित्रें नव्हे. बटणामागें नांव लिहिलेलें नसेल, शासननिर्णयाच्या कागदाचें नुसतें छायाचित्र चढविलें असेल, किंवा चित्रांतील वेडींवांकडीं अक्षरें ओळखण्याची अट असेल, तर ती बहुधा अडते. मग त्या गृहस्थानें आपला आधार क्रमांक आणि मोबाइलवर आलेला गुप्त अंक परक्याच्या हातीं द्यावयाचा! स्वावलंबनासाठीं निर्मिलेलें साधनच त्यास परावलंबी करतें.

हा दयेचा प्रश्न नव्हे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानें सुगम्यता बंधनकारक केली. डोळे मिचकावून ओळख पटविण्यासारख्या अटींमुळें अडलेल्या, आम्लहल्ल्यांत चेहरा होरपळलेल्या व्यक्तींनीं व एका दृष्टिहीनानें दाद मागितली. तेव्हां ३० एप्रिल २०२५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें निर्णय दिला कीं, अशा सेवांपर्यंत पोहोंचतां येणें हा घटनेच्या २१ व्या अनुच्छेदांतील जीविताच्या हक्काचाच भाग होय.

प्रत्येक चित्रास शब्द द्यावे, प्रत्येक रकान्यास नांव द्यावें, आणि संकेतस्थळ खुलें करण्यापूर्वीं एका दृष्टिहीन माणसाकडून संपूर्ण अर्ज भरवून पाहावा. तो जेथें अडखळेल, तेथेंच दार बंद आहे असें जाणावें.