मऊ गरातली ताठ पेशी



'गादी सरकली' हे शब्द आपण घरीदारी ऐकतो. ही गादी म्हणजे दोन मणक्यांमधली चकती. आपल्या कण्यात अशा २३ असतात. प्रत्येकीत मधोमध पाणीदार गर आणि त्याभोवती चिवट तंतूंचे पदर, कांद्यासारखे एकाबाहेर एक. दिवसभराच्या भाराने गरातलं पाणी थोडंथोडं बाहेर पडतं. रात्री आडवं झालं की गादी ते परत शोषून घेते. म्हणून तर सकाळी आपण संध्याकाळपेक्षा सेंटिमीटरभर उंच भरतो!

जर्मनीतल्या उल्मच्या संशोधकांनी एका स्वयंसेवकाच्या कमरेच्या गादीत दाबमापक बसवला होता. पालथं पडल्यावर दाब होता ०.१ मेगापास्कल, उभं राहिल्यावर ०.५, आणि पाठीतून वाकून २० किलो वजन उचलताना २.३. मोटारीच्या टायरातल्या हवेच्या साधारण दहापट!

या दाबाखाली जिवंत पेशी राहतात. गादीच्या आकारमानात त्यांचा वाटा जेमतेम एक टक्का. मोठ्या माणसाच्या गरात रक्तवाहिनी नसते. अन्न आणि प्राणवायू झिरपत येईल तेवढाच. तरीही गरात पाणी धरून ठेवणारे रेणू याच पेशी घडवतात. मला त्यांचं फार कौतुक वाटतं.

गर मऊ, तेव्हा त्यातली पेशीही मऊच असेल, असं आपण धरून चालू. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात फर्शिद गिलाक आणि सहकाऱ्यांनी ते तपासून पाहिलं. १९९९ साली निष्कर्ष छापले. डुकराच्या गादीतली एकेक पेशी सुटी केली, केसाहून बारीक काचेच्या नळीचं तोंड तिला टेकवलं आणि हलकेच ओढ दिली. पेशी किती आत ओढली जाते, किती वेळात, हे सूक्ष्मदर्शकातून मोजलं. गरातल्या पेशी बाहेरच्या पदरांतल्या पेशींपेक्षा सुमारे तिप्पट ताठ निघाल्या! पेशीला आतून आधार देणारे अ‍ॅक्टिन प्रथिनाचे धागेही त्यांच्यात जास्त दिसले.

हा निष्कर्ष माणसाला लावताना एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवायला हवी. डुकराच्या गरात गर्भावस्थेतल्या मोठ्या, पोकळ्यांनी भरलेल्या पेशी वाढत्या वयातही टिकून राहतात. आपल्या गादीत त्या जन्मतः असतात, पण दहाव्या वर्षाच्या सुमारास बहुतेक नाहीशा होतात, आणि तिथे कूर्चेतल्यासारख्या लहान, गोल पेशी नांदू लागतात. पुढचं सारं आयुष्य आपली ओझी त्याच झेलतात.