छावणीतील ऊब आणि गारवा

छावणीतील इमारतींना ऊर्जा किती लागते, हा प्रश्न नुसते दिवे आणि पंखे मोजून सुटत नाही. ती इमारत कोणत्या हवेत, कोणत्या काळी आणि कशाच्या धास्तीने बांधली गेली, हे आधी विचारावे लागते. १८५९ साली इंग्रज सरकारने लष्कराच्या आरोग्याच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगाने १८६३ मध्ये आपला अहवाल सादर केला, तेव्हा हिंदुस्थानातील गोरा शिपाई लढाईपेक्षा रोगराईनेच अधिक मरतो हे उघड झाले. आणि मग दूषित हवेच्या भयाने उंच छतांच्या, जाड भिंतींच्या, रुंद व्हरांड्यांच्या व माथ्यावर झरोके असलेल्या बराकी उभ्या राहिल्या. अशा बराकीत आज वातानुकूलन यंत्र बसविले, तर वारा खेळता राहावा म्हणून ठेवलेल्या त्याच झरोक्यांतून गारवा रात्रंदिवस पाझरत राहतो.

लडाखात प्रश्नाचे रूपच पालटते. लेह सुमारे ३,५०० मीटर उंचीवर. कडक हिवाळ्यात पारा शून्याखाली वीस अंशांपर्यंत उतरतो आणि घाट बर्फाने अडतात, म्हणून रॉकेलची रसद उन्हाळ्यातच वर चढवून ठेवावी लागते. एवढ्या सायासाने आणलेले ते तेल बुखारी नावाच्या शेगडीत जळते, ऊब पातळ पत्र्यावाटे निघून जाते, आणि ती राखावी म्हणून दारे-खिडक्या गच्च लावून निजावे, तर विषारी वायूने निजलेला माणूस न उठण्याचे भय! मला सर्वांत अस्वस्थ करते ते हेच. कारण त्याच मुलुखावर हिवाळ्यातही लख्ख ऊन पडत असते. लडाखचेच अभियंते सोनम वांगचुक यांनी फेब्रुवारी २०२१ मध्ये दहा जवानांसाठी उन्हावर तापणारा तंबू सिद्ध केला. आदल्या रात्री बाहेर उणे १४ अंशांपर्यंत थंडी पडली असता आत रात्री दहा वाजता १५ अंशांची ऊब असल्याचे त्यांनी कळविले.

ऊर्जा वाया जाण्याचे आणखी एक कारण माणसांच्या वहिवाटीत आहे. पलटण काही वर्षांनी मुक्काम हलविते. कोणत्या फटीतून उत्तरेचा वारा शिरतो हे ज्याला अनुभवाने कळले, तो जवान ते ज्ञान घेऊनच दुसऱ्या ठाण्यावर जातो. ताबा देताना खाटांची, कुलपांची, पंख्यांची मोजदाद व्हावी हे योग्यच. पण त्या यादीला आणखी एक पान जोडले जावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. कोणत्या महिन्यात कोणता झरोका मिटावा आणि सकाळचे ऊन किती वाजता कोणत्या भिंतीवर येते, एवढेच त्यावर लिहिलेले असावे.