आपला पाऊस कोठून येतो, कोठे अडतो

(वैजापूर येथील खरीपपूर्व शेतकरी मेळाव्यातील भाषण)



‘यंदा सरासरीइतका पाऊस’ असा अंदाज जाहीर झाला की आपण निर्धास्त होतो आणि पहिल्याच सरीवर तिफण बाहेर काढतो. परंतु ती सरासरी संपूर्ण देशाची असते. मेघालयातील चेरापुंजीस वर्षाकाठी ११ हजार मि.मी.हून अधिक पाऊस पडतो, तर राजस्थानातील जैसलमेरला २०० मि.मी. पडणेही कठीण. आपल्या वैजापूरचा पाऊस ५०० मि.मी.च्या आसपास आहे. तेव्हा अंदाज ऐकताना आपले शिवार देशाच्या नकाशावर कोठे बसते, हे आधी पाहावे.

उन्हाळ्यात जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते. हवेचा दाब कमी होतो आणि समुद्रावरील बाष्पयुक्त वारे देशात शिरतात. १ जूनच्या सुमारास ते केरळात पोहोचतात. अरबी समुद्रावरून येणारे हे वारे सह्याद्री चढताना थंड होतात व बराचसा पाऊस तेथेच टाकतात. त्यामुळे इगतपुरीस ३,००० मि.मी.च्या पुढे पाऊस होतो. घाट उतरलेली हवा मात्र तापते, ढग विरतात. इगतपुरीहून सरळ रेषेत जेमतेम सव्वाशे कि.मी. अंतरावरील आपण पर्जन्यछायेत येतो.

याच कारणाने कधी आपले आभाळ कोरडे असते, पण त्र्यंबकेश्वर-इगतपुरीच्या पावसाने गोदावरी दुथडी भरून वाहते. नदीकाठाला व नांदूर-मधमेश्वर कालव्याच्या लाभक्षेत्राला त्या पाण्याचा आधार आहे. उंचवट्यावरील हलक्या, मुरमाड जमिनीला तो नाही. तिला शेतात पडेल तेवढाच पाऊस.

आपल्याकडे बऱ्याच वर्षी चांगला पाऊस सप्टेंबरमध्ये होतो. बंगालच्या उपसागरातील कमी दाबाची क्षेत्रे पश्चिमेकडे सरकली की मराठवाड्यात पाऊस पडतो. म्हणजे जूनची सुरुवात व सप्टेंबरचा पाऊस यांमध्ये उघडीप पडणार, हे गृहीत धरूनच नियोजन करावे. उघडीप लांबली की दुबार पेरणी येते, आणि बियाणे-खताचा दुसरा खर्च बहुधा उसनवारीवरच भागवावा लागतो.

यासाठी पुढील गोष्टी कराव्यात :

१. ७५ ते १०० मि.मी. पाऊस होऊन जमिनीत चांगली ओल झाल्याशिवाय पेरणी करू नये.

२. हलक्या जमिनीत कपाशीचा मोह टाळून बाजरी घ्यावी व तीत तुरीचे आंतरपीक घ्यावे. एक पीक हुकले तरी दुसरे हाती लागते.

३. पेरणी व मशागत उताराला आडवी करावी. पीक उभे असताना ठरावीक ओळींनंतर सरी काढावी. एका एकरावर २५ मि.मी. पाऊस पडला म्हणजे सुमारे एक लाख लिटर पाणी होते. ते बांधाबाहेर जाऊ देऊ नये.

४. खोल, काळी जमीन शक्य असेल तेथे रब्बी ज्वारीसाठी राखावी. सप्टेंबरची ओल हीच रब्बीची ठेव होय.

५. गावात पर्जन्यमापक बसवून रोजची नोंद वहीत ठेवावी. महसूल मंडळाचा आकडा आणि आपल्या शिवारातील पाऊस यांत पुष्कळदा फरक असतो.

सह्याद्री आपल्याला हलविता येणार नाही. पेरणीचा दिवस, पिकाची निवड व बांध मात्र आपल्या हाती आहेत. येत्या खरिपात एवढे तरी अवश्य करून पाहावे.