कापूस वेचणाऱ्या हातांचा खेळ

आम्ही बचत गटातल्या बाया आज तुमच्याशी खेळाबद्दल बोलणार आहोत. हसू नका. हप्ते, व्याज, शेळ्या यांच्याबद्दल नेहमीच बोलतो, आज जरा वेगळं.

गटातल्या एकीच्या मुलीने मोबाइलवर आम्हाला एक छोटा माहितीपट दाखवला. भाषा इंग्रजी, पण ती समजावून सांगत गेली, आणि मग त्या संघाची आणखी माहितीही तिनेच काढून दिली. तेव्हापासून आमचा एक आवडता संघ झालाय. अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात डेल्टा स्टेट नावाचं कॉलेज आहे, तिथला पन्नास वर्षांपूर्वीचा मुलींचा बास्केटबॉल संघ. या खेळात एकेका बाजूला पाच जणी असतात आणि उंचावरच्या कड्यातून चेंडू टाकायचा असतो. तो सगळा मुलूख कापसाचा. म्हणूनच बहुधा त्या मुली आम्हाला आपल्या वाटल्या.

आमची पहिली आवडती खेळाडू म्हणजे लुशिया हॅरिस. ११ भावंडांत दहावी. घरचे शेतात राबणारे, तीही कापूस वेचत मोठी झाली. बोंडाच्या टोकांनी बोटं कशी सोलतात हे तुम्हाआम्हाला सांगायला नको. उंची सहा फूट तीन इंच, त्यामुळे शाळेत पोरं चिडवायची. रात्री आई झोप म्हणायची, तर ही गोधडीआड लपून टीव्हीवर सामने बघायची. कॉलेजच्या संघात ती एकटीच कृष्णवर्णीय मुलगी होती. पण तिच्या जोरावर संघाने १९७५, १९७६ आणि १९७७ अशी सलग तीन वर्षं देशाचं अजिंक्यपद जिंकलं. १९७६ साली माँट्रियलच्या ऑलिंपिकमध्ये बायकांचं बास्केटबॉल पहिल्यांदाच आलं, आणि तिथली पहिली बास्केट लुशियाने केली. अमेरिकेला रौप्यपदक मिळालं.

दुसरी आवडती डेबी ब्रॉक. उंची चार फूट अकरा इंच! लुशियाच्या शेजारी उभी राहिली की लेकरूच वाटावी. पण चेंडू पुढे न्यायचा आणि कुणाला द्यायचा हे काम तिचं. उंच मुलगी कड्याखाली, बुटकी मुलगी चेंडू घेऊन. दोघींची गरज सारखीच. आपल्या गटासारखंच नाही का? एकीला हिशोब येतो, एकीला बँकेत बोलता येतं.

तिसरी म्हणजे त्यांची प्रशिक्षक, मार्गारेट वेड. तिची गोष्ट ऐकताना आम्ही गप्पच झालो. ती तरुणपणी याच कॉलेजच्या संघात खेळायची. १९३२ साली कॉलेजने मुलींचा संघच बंद केला. का, तर म्हणे हा खेळ मुलींच्या शरीराला झेपणारा नाही. मुलींनी रागाने आपले खेळाचे कपडे जाळून टाकले. संघ पुन्हा सुरू व्हायला १९७३ साल उजाडलं. तब्बल ४१ वर्षं! तेव्हा साठी गाठलेल्या मार्गारेटबाईंनाच त्यांनी प्रशिक्षक केलं. आणि पुढच्या चार वर्षांत तीन अजिंक्यपदं.

आता सांगा, ज्या मुलखात बाया दिवसभर वाकून कापूस वेचत होत्या, तिथे मुलीला चेंडू झेपत नाही असं म्हणायचं? कामाला बाई दणकट आणि खेळाला नाजूक?

पण मैत्रिणींनो, हे बोलताना आमचीच मान खाली गेली. आमच्यातल्या एकीने आपल्या मुलीची कबड्डी आठवीत बंद केली. "आता मोठी झालीस, लोक काय म्हणतील," असं म्हणून. तीच मुलगी आज सुट्टीत आमच्याबरोबर वेचणीला येते आणि संध्याकाळी डोक्यावर गाठोडं घेऊन घरी जाते. आम्ही बाकीच्या तेव्हा तिच्या आईला काहीच बोललो नव्हतो. उलट, बरं केलंस म्हणालो होतो.

लुशियाचं पुढे काय झालं तेही सांगतो. १९७७ मध्ये पुरुषांच्या एका मोठ्या व्यावसायिक संघानेही तिची निवड केली होती. ती गेली नाही, तेव्हा तिला दिवस गेले होते. बायकांसाठी तसा व्यावसायिक संघ त्यावेळी नव्हताच. पुढे ती आपल्याच शाळेत मुलींना शिकवायला गेली. जानेवारी २०२२ मध्ये ती वारली, आणि दोनच महिन्यांनी तिच्यावरच्या त्याच माहितीपटाला ऑस्कर मिळालं. कौतुक झालं, पण बघायला ती नव्हती. आपल्या मुलींचं कौतुक इतकं उशिरा नको.

म्हणून आम्ही बैठकीत ठरवलंय. शाळेच्या मैदानावर रोज संध्याकाळी तासभर मुली खेळतील. पाळीपाळीने आमच्यातल्या दोघी कडेला बसतील, म्हणजे घरच्यांना काळजी नको. भाकऱ्या तासभर उशिरा झाल्या तरी चालतील. कबड्डी बंद झालेली ती मुलगी पहिल्याच दिवशी आली. तिची आईही कडेला बसली होती.

तुमच्या गटाच्या पुढच्या बैठकीत एवढंच विचारा : आपल्यापैकी कुणाकुणाच्या मुलीचा खेळ थांबलाय? आणि तो कुणी थांबवला?