मी खोटी आजारी झाले

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाच्या भाषणाला एखादी शिकलीसवरलेली पाहुणी बोलवावी, अशी रीत आहे. यंदा ते काम घरच्याच एका सातवी पास बाईवर आले. चिटणीसबाई म्हणाल्या, "तुम्ही तिकडे जाऊन काय करता, तेवढेच सांगा." गावात भलतेच उठले आहे, हे त्याचे कारण. परवा बाजारात दोघींनी मला थांबवून विचारले, "अहो, तुम्हाला दवाखान्यात ठेवले होते म्हणे!" तेव्हा आधी सांगून टाकते की मी ठणठणीत आहे. महिन्यातून दोन गुरुवारी मी जवळच्या एका नर्सिंग विद्यालयात जाते, तेथील खाटेवर निजते आणि आजाऱ्याचे सोंग घेते. त्याबद्दल एस. टी.चे भाडे आणि दुपारचे जेवण मिळते.

गेल्या पावसाळ्यात त्या विद्यालयातील शिक्षिकाबाई आपल्या मंडळात आल्या होत्या, हे काहींना आठवत असेल. इंजेक्शन देणे, पट्टी बांधणे हे मुलींना बाहुलीवर शिकविता येते. पण बाहुली लाजत नाही, रडत नाही आणि विचारल्यावर काही लपवीतही नाही. माणसाशी बोलणे शिकावयाचे, तर समोर माणूसच हवे, आणि खऱ्या रोग्यावर हात बसविणे बरे नव्हे. म्हणून गावच्या बायका हव्यात, असे त्या म्हणाल्या. ही युक्ती १९६३ साली अमेरिकेत लॉस एंजेलिसला हॉवर्ड बॅरोज नावाच्या डॉक्टरांनी प्रथम काढली. धडधाकट माणसाला रोग्याचे सोंग पढवून त्यांनी विद्यार्थ्यांपुढे बसविले. तेव्हा त्यांची टिंगलच झाली. आज जगभर तसे शिकवितात. आपल्याकडे त्या दिवशी सगळ्यांनी माना खाली घातल्या. आजाऱ्याचे सोंग म्हणजे अपशकुन, असे एकदोघी कुजबुजल्याही. मी म्हटले, सिनेमातल्या नट्या मरायचेसुद्धा सोंग घेतात, त्यांना काय होते?

तेथे गेल्यावर एक कागद देतात. माझ्या कागदावर असे होते: वय बावन्न, गुडघे दुखतात म्हणून आली आहे. पाळी जाऊन सहा वर्षे झाली, पण तीन महिन्यांपासून अंगावरून लाल जाते. हे तिने घरात कुणालाही सांगितलेले नाही. नीट विचारले तरच सांगावयाचे, नाहीतर गुडघ्यावरच अडून बसावयाचे. एकेका मुलीला सात मिनिटे. शिक्षिकाबाई कोपऱ्यात वही घेऊन बसतात.

पहिली मुलगी आली ती खाटेच्या पायथ्याशी उभी राहिली. हातात कागद, नजर कागदावर. "आजी, पेन कुठे होते? दहापैकी किती?" आता मला आजी म्हणवून घ्यायला वेळ आहे, ते सोडा. पण दहापैकी किती, याचे उत्तर आपल्यातली कोण देईल? तेथेच सोंग घेणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईंनी सांगितले, "रुपयातले बारा आणे दुखते!" पोरी हसल्या. मला मात्र ते उत्तर अगदी चोख वाटले.

दुखण्याला आपल्याकडे किती शब्द आहेत, पाहा. दाढ ठणकते, कंबरेत उसण भरते, पोटात कळ येते किंवा मुरडा येतो, छातीत चमक निघते, जखम चुरचुरते, डोळ्यांची आग होते, पायांना मुंग्या येतात, हाडे फुटतात. प्रत्येक शब्द निराळे दुखणे सांगतो. मुलींच्या कागदावर या सगळ्याला एकच शब्द, 'पेन'. आता चार वर्षांच्या नर्सिंगच्या पदवीला पहिल्याच सहामाहीत संवादाच्या इंग्रजीचा विषय आहे. नोकरीला मुंबईला, परदेशात जावयाचे तर इंग्रजी हवेच, त्याला माझी ना नाही. पण ज्या खाटेपाशी या मुली आधी उभ्या राहणार, तिच्यावर बार्शी, मोहोळ, भूम, परंड्याची बाई निजलेली असते.

आपल्या सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचे उदाहरण मी मुलींना सांगितले. १९३८ साली पाच हिंदी डॉक्टरांचे पथक चीनला गेले, त्यात ते होते. तेथे त्यांनी चिनी भाषा शिकून घेतली आणि जखमी शिपायांशी त्यांच्याच बोलीत बोलू लागले. त्यांची पत्नी ग्वो छिंगलान या परिचर्याच शिकवीत. १९४२ मध्ये, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी डॉक्टर तेथेच वारले. परमुलखातली भाषा रोग्यासाठी शिकणारा माणूस आपल्या जिल्ह्यात जन्मला. या मुलींना तर फक्त आपल्या आईची भाषा विसरायची नाही.

तर त्या दिवशी सात मुली आल्या. पाच जणींना मी गुडघ्यावरच परत पाठविले. एकीने "मेनोपॉज झाला का?" असे विचारले. मी "नाही बाई, तसले काही झाले नाही" म्हटले आणि तिने ते खरेच लिहून घेतले! दुसरीने विचारले बरोबर, पण एवढ्या मोठ्याने की बाहेरच्या शिपायाने आत वाकून पाहिले. सहावी मुलगी आली, तिने आधी पडदा ओढला, स्टूल जवळ घेऊन बसली, स्वतःचे नाव सांगितले आणि मला विचारले, "तुम्हाला काय म्हणू, काकू की मावशी?" मग गुडघ्याला हात लावून पाहिला, पाणी कोठून आणता, रानात जाता का, हे विचारले. शेवटी आवाज खाली घेऊन म्हणाली, "मावशी, या वयात कुणाकुणाच्या अंगावरून पुन्हा जायला लागतं. बायका सांगत नाहीत. तुम्हाला तसं काही?" आणि विचारून ती गप्प राहिली. ती गप्प राहिली, हे महत्त्वाचे. बाकीच्या मुली उत्तराची वाट न पाहता पुढच्या प्रश्नाला लागत. सोंग होते तरी माझ्या घशात काहीतरी दाटले.

ते का दाटले, हे सांगितलेच पाहिजे. माझ्या थोरल्या जाऊबाईंचे असेच झाले. अकरा वर्षांपूर्वी त्या एका दवाखान्यात गेल्या होत्या. कोणत्या, ते सांगत नाही. तेथे टेबलामागूनच, रांगेतल्या पुरुषांदेखत त्यांना मोठ्याने विचारले, "पाळी गेली ना? मग रक्त जातंय का?" शेजारी आमचे मोठे दीर उभे. जाऊबाई "नाही" म्हणाल्या आणि गोळ्या घेऊन घरी आल्या. पुढे आठ महिन्यांनी सहन होईना, तेव्हा बार्शीला नेले. गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर निघाला आणि तो पुढे गेलेला होता. दोन वर्षांनी त्या गेल्या. त्या एका प्रश्नाने त्या गेल्या, असे मी म्हणणार नाही. पण आठ महिने गेले, ते त्या प्रश्नापायी गेले.

बोलण्याने काय होते, हे आपल्याच मुलखात मोजून पाहिलेले आहे. बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालयातर्फे १९८७ पासून बार्शी, परंडा, भूम या तालुक्यांतील कॅन्सरच्या रोग्यांची नोंद ठेवू लागले. कार्यकर्ते गावोगाव जात, बायकांना एकत्र बसवून अंगावरून जाणे कधी साधे आणि कधी धोक्याचे, हे समजावीत. तेवढ्या सांगण्यानेसुद्धा पुढे रोग लवकरच्या अवस्थेत असताना येणाऱ्या बायका वाढल्या. त्यानंतर १९९९ मध्ये टाटा रुग्णालय आणि बार्शीचे रुग्णालय यांनी उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात ३० ते ५९ वर्षांच्या १,३१,७४६ बायकांचा मोठा अभ्यास हाती घेतला. ज्या गटातील बायकांची विषाणूची एक तपासणी झाली, त्या गटात या रोगाचे मृत्यू सुमारे निम्म्यावर आले, असे २००९ साली प्रसिद्ध झाले. एका गटाला मात्र नुसती माहिती दिली, तपासणी केली नाही, आणि त्यावर पुढे टीका झाली. मला ती टीका पटते. पण अशी तपासणी करून घेण्यास लाजऱ्या बायका तयार झाल्या, त्याआधी त्यांच्याशी कुणीतरी ओट्यावर बसून नीट बोलले असणार, हेही विसरू नये.

आता वागणुकीविषयी. गोड बोलणे म्हणजे चांगली नर्स, असे मी समजत होते, पण शिक्षिकाबाई तेवढ्यावर गुण देत नाहीत. "काही होत नाही हो, दोन दिवसांत उड्या माराल" असे म्हणणाऱ्या मुलीचे त्यांनी गुण कापले. खोटा धीर देऊ नये, असे फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंनी १८५९ सालच्या आपल्या पुस्तकात मुद्दाम लिहिले आहे म्हणे. रोग्याच्या दाराशी कुजबुजणे हाही त्यांनी क्रूरपणाच मानला. रोग्याचे गुपित एस. टी.त मैत्रिणीला सांगावयाचे नाही. कामावर असताना फोनमध्ये पाहावयाचे नाही. पाळी बदलताना पुढच्या नर्सला सगळे नीट सांगून मगच निघावयाचे. औषधाचे प्रमाण चुकले असे वाटले, तर डॉक्टरांनाही विचारावयाचे, आणि ते नम्रपणे पण थांबून. हे शेवटचे मुलींना सर्वांत जड जाते. मोठ्या माणसांना उलट विचारू नये, असे आपणच त्यांना लहानपणापासून सांगितलेले असते.

एका गुरुवारी मला चिडलेल्या नातेवाइकाचे सोंग दिले. मी आवाज चढविला, "माझ्या म्हाताऱ्याला तास झाला, कुणी बघत नाही!" समोरची मुलगी अठरा वर्षांची, खेड्यातली. ती रडू लागली. मला ते थांबवावेसे वाटले, पण शिक्षिकाबाईंनी खुणेने पुढे चालू ठेवण्यास सांगितले. मग ती डोळे पुसून म्हणाली, "काकू, तुम्ही घाबरलाय. मी आत्ता बघते आणि दहा मिनिटांत येऊन सांगते." आणि ती खरोखर परत आली. नंतर तिने मला विचारले, "काकू, पण खरे लोक हात उचलतात, तेव्हा?" दवाखान्यातील माणसांवर हात टाकणे हा २०१० च्या कायद्याने महाराष्ट्रात गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते आणि नर्सिंगच्या विद्यार्थिनींनाही त्याचे संरक्षण आहे, असे शिक्षिकाबाईंनी सांगितले. मी मनात म्हटले, हात उचलणारे आमच्याच घरातले असतात. डॉक्टरांना साहेब म्हणणारी आपली माणसे नर्सला "ए सिस्टर" म्हणून हाक मारतात. १९०९ साली पुण्यात सेवासदन निघाले आणि रमाबाई रानड्यांनी बायकांना परिचर्येच्या शिक्षणाला पाठविले, तेव्हा लोकांनी नावे ठेवली होती. आज मुलगी नर्स झाली तर स्थळे येतात, पगारही दिसतो. हाक मात्र तशीच राहिली आहे.

चिटणीसबाई घड्याळ दाखवीत आहेत. पुढच्या महिन्यापासून नवी तुकडी येणार आहे आणि विद्यालयाला आणखी चार बायका हव्या आहेत. वय तीस ते सत्तर, लिहितावाचता आलेच पाहिजे असे नाही, कागद वाचून दाखवितात. ऐकू कमी येणाऱ्या बाई मिळाल्या तर त्यांना फारच हव्या आहेत. ज्यांची तयारी असेल त्यांनी चहापानानंतर माझ्याकडे नाव द्यावे. येताना जुने लुगडे किंवा साडी नेसून यावे, खाटेवर निजून ती चुरगळते. आणि घरी आधी सांगून यावे, नाहीतर तुमच्याही मागे तुम्हाला दवाखान्यात ठेवल्याची बोलवा उठेल.