हंपीला आम्ही तेवीसजणी

(महिला गटांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



सहलीबद्दल बोल म्हणून आग्रह झाला तेव्हा मी नकोच म्हणत होते. सहल ही काय भाषण करायची गोष्ट? पण परत आल्यापासून जो तो विचारतो, "एवढ्या बायका मिळून देवदर्शनाला गेला होता का?" विरूपाक्षाचे दर्शन घेतले, पण निघालो होतो ते विजयनगरची राजधानी पाहायला. आमच्यातल्या अकराजणी माहेर, लग्नकार्य आणि वारी सोडून प्रथमच घराबाहेर रात्र काढत होत्या. मिनीबसमध्ये निम्म्याजणी पाणीच पीत नव्हत्या. का, ते तुम्हाला सांगायला नको.

गाइडने आधी राणीचा स्नानमहाल दाखवला. मध्ये चौकोनी कोरडे टाके, भोवती ओवरी, नक्षीदार सज्जे. मग जनाना आणि कमलमहाल. उंच तट दाखवून तो म्हणाला, "राण्या बाहेरच्या कुणाच्या नजरेला पडत नसत." आम्ही माना डोलावल्या. तेवढ्यात आमच्या बचतगटाचा हिशेब ठेवणाऱ्या मावशी म्हणाल्या, "मग तटाला लागून हत्तीखाना कसा? हत्ती आले की माहूत आले, चारा आला, लीद उपसणारे आले. पडदा कुठला?"

गाइड हसला. पण मावशींचा प्रश्न खरा आहे. ही नावे राजधानी ओस पडल्यावर फार उशिरा पडली. तिथे फक्त राण्याच राहत, याला भक्कम पुरावा नाही. बंदिस्त जागा दिसली की ती बायकांची, एवढाच आधार!

महानवमी दिब्ब्यावर मात्र दगडात शिकार करणाऱ्या बायका कोरल्या आहेत. त्याच्याच पायऱ्यांवर बसून मी नुनिझबद्दल सांगितले. हा पोर्तुगीज घोड्यांचा व्यापारी, १५३५च्या सुमारास इथे होता. तो लिहितो की राजाच्या पदरी कुस्ती खेळणाऱ्या, ज्योतिष सांगणाऱ्या बायका होत्या. वाड्यातल्या खर्चाचा सगळा हिशेब बायका लिहीत. राज्यकारभाराची नोंद ठेवणाऱ्या वेगळ्या, आणि त्या आपल्या वह्या बाहेरच्या कारकुनांच्या वह्यांशी ताडून पाहत.

"म्हणजे ताळा घ्यायच्या!" मावशी एकदम म्हणाल्या. त्यांच्या नवऱ्याने कितीदा म्हटले असेल, बायकांना आकडे कळत नाहीत.

हुरळून जाऊ नका. याच नुनिझने सतीचेही वर्णन केले आहे. वाड्यातल्या त्या बायकांपैकी किती स्वखुशीने आल्या होत्या, कोण सांगणार? आणि चौदाव्या शतकात याच राजघराण्याच्या सुनेने, गंगादेवीने, 'मधुराविजयम्' हे संस्कृत काव्य लिहिले. गाइडच्या तोंडी तिचे नाव एकदाही आले नाही.

परतताना तुरुत्तू कालव्याकाठी थांबलो. १५६५च्या लढाईनंतर राजधानी लुटली गेली, पण त्या काळचा हा कालवा अजून केळींना पाणी देतो. शेतात बायका खुरपत होत्या. आमची जतची मैत्रीण कानडी बोलते. तिने मजुरी विचारली. त्यांनी सांगितली, आणि एकीने उलट विचारले, "तुमच्याकडे गड्याला किती, बाईला किती?" आम्ही सांगितले. त्या हसल्या, आम्हीही हसलो. मग बांधावर जी बैठक जमली ती मोडेचना. ड्रायव्हर बसपाशी घड्याळ दाखवत उभा होता. अर्धा तास तसाच उभा राहिला.