फेसात खंड पडू नये म्हणून



गवताची गंजी पेटली तर आपण तीवर पाणी मारतो. पेटलेल्या पेट्रोलवर पाणी मारणे मात्र आगीत तेल ओतण्यासारखेच ठरते. पाणी पेट्रोलहून जड असल्याने ते तळाशी जाते आणि जळते पेट्रोल त्यावर तरंगत दूरवर पसरते. अशा आगीवर फेस हाच उपाय होय. तो पेट्रोलवर गोधडीप्रमाणे पसरतो, खालची वाफ कोंडून धरतो, वरची हवा अडवितो आणि स्वतःतील पाण्याने पृष्ठभाग निववितो.

ही गोष्ट आपल्यापासून दूरची नव्हे. 11 नोव्हेंबर 2024 रोजी वडोदऱ्याजवळ कोयाली येथील तेलशुद्धीकरण कारखान्यात बेंझिनची टाकी पेटली आणि दोन कामगार मृत्युमुखी पडले. अशा प्रसंगी आपले लक्ष नळी धरून ज्वालांपुढे उभ्या असलेल्या जवानाकडे जाते. आज मी त्याच्या मागे उभ्या असलेल्या माणसाविषयी बोलणार आहे.

फेस ज्या दाट द्रवापासून होतो, तो सामान्यतः 97 भाग पाण्यात 3 भाग मिसळावा लागतो. हे प्रमाण राखण्याचे काम एक यंत्र करते. त्याच्या सर्वांत साध्या प्रकारात वेगाने धावणारे पाणी अरुंद गळ्यातून जाते. तेथे त्याचा दाब घटतो आणि बाजूच्या नळीतून द्रव आपोआप ओढला जातो. मोठ्या यंत्रांत द्रवासाठी निराळा पंप असतो. पुढे नळीच्या तोंडाशी या मिश्रणात हवा शिरली की फेस होतो. द्रव कमी पडला तर फेस टिकत नाही; अधिक गेला तर साठा अकाली संपतो.

आता थोडे गणित मांडू. 30 मीटर व्यासाच्या टाकीचे तोंड सुमारे 707 चौरस मीटर भरते. दूरवरून फेस मारावयाचा असेल तर दर चौरस मीटरला मिनिटास साडेसहा लिटर मिश्रण लागते आणि असा मारा 65 मिनिटे चालू ठेवण्याची तयारी असावी, असा मान्य दंडक आहे. म्हणजे मिनिटास सुमारे 4,600 लिटर मिश्रण आणि त्यात 138 लिटर द्रव! 200 लिटरचे एक पिंप दीड मिनिटही पुरणार नाही. एकंदर 45 पिंपे हाताशी हवीत. तीही एकामागून एक, क्षणाचाही खंड न पडता.

खंडाचे एवढे भय का? कारण उष्णता फेसाला सतत खात असते. पुरवठा थांबला की पसरलेले आवरण विरते, तापलेल्या पेट्रोलची वाफ पुन्हा पेट घेते आणि तोवर खर्चिलेला सारा द्रव वाया जातो. म्हणूनच पुरेसा साठा जमल्यावाचून मारा सुरू करू नये, हा जाणत्यांचा नियम आहे. 7 जून 2001 रोजी अमेरिकेतील लुइझियाना राज्यात नॉर्को येथे 82 मीटर व्यासाची पेट्रोलची टाकी पेटली. सुमारे बारा तास पंप, नळ्या आणि द्रव जुळविण्यात गेले. बघ्यांना तो विलंब वाटला असेल. पण मारा सुरू झाल्यावर 65 मिनिटांत ज्वाला शमल्या.

पिंप रिते करणे हेही कौशल्याचे काम आहे. द्रव उंचावरून ओतला तर टाकीतच फेस होतो, पंपात हवा शिरते आणि ओढ तुटते. ओढनळीचे तोंड सदैव द्रवात बुडालेले हवे. निरनिराळ्या जातींचे द्रव एकत्र करणे तर घातकच; ते गोठून नळी बंद पाडू शकतात. शिवाय आज आपल्याकडे पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळतात. इथेनॉल साध्या फेसातील पाणी शोषून तो मोडून टाकते; त्याच्या साठ्यासाठी खास द्रव लागतो.

इंग्लंडमध्ये बन्सफील्ड येथे डिसेंबर 2005 मध्ये लागलेल्या आगीवर 7,86,000 लिटर द्रव खर्ची पडला. पुढे तेथील भूजलात फेसातील फ्लोरिनची चिवट संयुगे आढळली. त्यामुळे आता फ्लोरिनरहित द्रव येत आहेत. त्यांतील कित्येक अधिक दाट असल्याने जुने यंत्र त्यांना योग्य प्रमाणात ओढीलच, असे नाही. ती परीक्षा शांततेच्या काळीच घेतली पाहिजे.

आपल्या गावाजवळ तेलाचा डेपो असेल, तर बंब किती आहेत एवढेच विचारून थांबू नये. द्रव किती आहे, कोणत्या जातीचा आहे आणि तो यंत्रापर्यंत अखंड पोचविण्याचा सराव शेवटचा केव्हा झाला, हेही नागरिकांनी विचारावे. पुढच्या जवानाचे प्राण मागे पिंप ओतणाऱ्या हातांवर अवलंबून असतात.